तंग आवळण्याआधी

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पर्यटकाची गाठ पडते ती सजून तयार असलेल्या घोड्याशी. पाठीवर खोगीर, तोंडात लगाम, मालक हौशी असला तर कपाळावर रंगीत गोंडा. घासाघीस होऊन भाव ठरतो, रिकिबीत पाय जातो, मोबाइलवर फोटो निघतात आणि लाल मातीच्या वाटेने स्वारी निघते. हा सगळा कार्यक्रम पाच-दहा मिनिटांचा. त्याआधीचे दोन-तीन तास तबेल्यात गेलेले असतात. रपेट सुखाची होणार की घोडा अर्ध्या वाटेत लंगडायला लागणार, याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागलेला असतो.

महाबळेश्वर-पाचगणीला घोड्यावर बसणे ही हौस. माथेरानला ती सोयही आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये हा डोंगर चढून वर आले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात इथे थंड हवेचे ठिकाण आकाराला आले. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे धावू लागली १९०७ मध्ये. त्याआधी अर्ध्या शतकाहून अधिक काळ माणसे यायची ती पायी, डोलीतून किंवा तट्टावर बसून. मोटारींना गावात मज्जाव होता तो आजही आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि त्या मज्जावाला आणखी बळ मिळाले. त्यामुळे गाड्या दस्तुरीला थांबतात. तिथून पुढे माणसांसाठी प्रवासी घोडे आणि सामानासाठी मालवाहू घोडे. परवाना असलेल्या प्रवासी घोड्यांचीच संख्या सुमारे साडेचारशे आहे. आठशे मीटर उंचीवरच्या या छोट्याशा गावाच्या मानाने हा आकडा मोठा आहे.

तबेल्यातला दिवस उजाडण्याआधी सुरू होतो आणि पहिली नजर जाते ती घोड्याच्या पुढ्यात आणि मागे. पुढ्यात पाहायचे ते रात्रीचे गवत संपले आहे का, मागे पाहायची ती लीद. रोजच्यासारखी, पडताच फुटणारे गोळे असलेली लीद दिसली की निम्मी काळजी मिटते. गवत तसेच पडले आहे, लीद नाही, घोडा वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहतो आहे किंवा जमिनीवर लोळू पाहतो आहे, अशी लक्षणे दिसली तर तो घोडा त्या दिवशी बाहेर जात नाही. पोटशूळ हा घोड्याचा जुना वैरी आहे. घोड्याच्या अन्ननलिकेच्या टोकाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की त्याला उलटी करता येत नाही. नको ते किंवा नको तेवढे पोटात गेले तर ते बाहेर टाकायची वाटच नसते. शिवाय एवढ्या मोठ्या जनावराचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे, आणि त्यात आम्ल मात्र दिवसरात्र पाझरत राहते. थोडे थोडे आणि सतत चरत राहण्यासाठीच हे पोट घडलेले आहे. म्हणून जाणता अश्वपाल कामावर निघण्याच्या तोंडावर चंदी देत नाही. भिजवलेला हरभरा, कोंडा वगैरे दाणा पहाटे किंवा काम आटोपून घोडा निवल्यावर, आणि मधल्या वेळात गवत. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

यानंतर शंका असेल तर तब्येतीची तपासणी होते, आणि तिला कुठलेही यंत्र लागत नाही. जबड्याच्या कडेखाली दोन बोटे टेकवली की नाडी लागते. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबायची. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली तर रक्ताभिसरण ठीक. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगात पाणी कमी आहे. कुशीला कान लावला तर आतड्यांची गुरगुर ऐकू यायला हवी. घोड्याच्या बाबतीत शांत पोट ही वाईट बातमी असते.

मग खरारा.

दातेरी खराऱ्याने अंगावरची वाळलेली माती आणि सुटलेले केस गोल गोल फिरवून मोकळे करायचे, मग कडक ब्रशने झटकायचे आणि शेवटी फडक्याने अंग पुसायचे. बघणाऱ्याला ही साफसफाई वाटते, आणि ती आहेही. पाठीवर राहिलेला एक खडा किंवा चिखलाचा वाळका पापुद्रा खोगिराखाली दोन तास घासला गेला तर संध्याकाळी तिथे जखम असते. पण खराऱ्याचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. वीस मिनिटे माणसाचा हात जनावराच्या अंगावरून इंच इंच फिरतो. कालपर्यंत नसलेली गाठ, गरम लागणारा सांधा, गोचीड, दाबल्यावर थरथरणारा स्नायू हे सगळे डोळ्यांच्या आधी तळव्याला कळते. एखादी जागा आली की घोडा कान मागे पाडतो किंवा अंग आखडून घेतो. तिथेच हात थांबतो.

याच वेळी पाठीवरचे पांढरे ठिपके नजरेला पडतात. तपकिरी किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर, नेमके खोगीर बसते तिथे, पांढऱ्या केसांचे पुंजके असतील तर ती बहुधा जन्मखूण नसते. बसत नसलेल्या खोगिराने एके काळी तिथली कातडी दाबली, केसांच्या मुळाशी असलेल्या रंग देणाऱ्या पेशी मेल्या आणि नवे केस पांढरे उगवले. जखम भरून वर्षे लोटली तरी हा दाखला पुसला जात नाही. घोडा विकत घेणारे म्हणूनच आधी खोगीर उतरवायला सांगतात.

खराऱ्यानंतर पाळी येते खुरांची. अश्वपाल घोड्याच्या खांद्याला खांदा लावून शेपटीकडे तोंड करून उभा राहतो, हात पायावरून खाली सरकवतो, आणि शिकलेला घोडा आपण होऊन पाय उचलून देतो. आकडीने तळव्यातला चिखल, लीद, अडकलेले खडे टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढायचे. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. तळाच्या मागच्या बाजूला एक लवचीक त्रिकोणी गादी असते. पाय टेकला की ती दबते, धक्का झेलते आणि पायातले रक्त वर ढकलायला हातभार लावते. या गादीच्या खाचांत ओल आणि लीद साचून राहिली की ती सडू लागते. काळपट स्राव आणि नाक मुरडायला लावणारा वास ही त्याची ओळख. माथेरानसारख्या मुसळधार पावसाच्या जागी पावसाळ्यात हे दुखणे टाळायचे म्हणजे तबेल्याची जमीन कोरडी ठेवणे आणि खूर रोज साफ करणे, दुसरा इलाज नाही.

नाल तपासायची ती याच वेळी. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो. नाल त्याच्याबरोबर पुढे सरकते, खिळे सैल होतात, पायाचा तोल बिघडतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते. तो जुनी नाल उपसतो, वाढलेले खूर कापतो, कानशीने सपाट करतो आणि नवी नाल पायाच्या मापाने ठोकून बसवतो. एका नालेला साधारण सहा ते आठ खिळे. ते खुराच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या कडेतून वर निघाले पाहिजेत. खिळा थोडासा आत गेला तर जिवंत भागाला लागतो आणि घोडा दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही. नालबंदाची किंमत मराठी मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींवाचून घोडदळ हलणार नाही, हा हिशेब त्या नेमणुकीतच होता.

खूर झाले की घोडा कडक जमिनीवर दहा-वीस पावले दुडक्या चालीने पळवून पाहतात, अंगावर काही न घालता. पुढच्या पायात दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर झटकतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. एकदा ही खूण कळली की लंगडा घोडा नवख्यालाही ओळखता येतो. टापांचा आवाजही ऐकायचा. एक टाप बद्द वाजली किंवा खणखणली तर नाल ढिली झालेली असते.

आता खोगीर. आधी पाठीवर घडी केलेले घोंगडे किंवा जाड गादी, ती थोडी पुढे ठेवून मागे सरकवायची, म्हणजे केस त्यांच्या वाढीच्या दिशेनेच झोपतात. वर खोगीर. मान संपून पाठ सुरू होते तिथे हाडांचा उंचवटा असतो. खोगीर त्याला आणि पाठीच्या कण्याला अजिबात शिवता कामा नये. वजन पडायला हवे कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर. मधोमध पुढून मागे उजेड आरपार दिसला तर खोगीर बसले असे समजायचे. खोगिरात कोंबलेल्या भरावावरून मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी गोष्टींसाठी रूढ झाला. तबेल्यात मात्र ही भरती नको तिथे उंच झाली किंवा हवी तिथे दबून गेली तर घोड्याची पाठ आठवड्याभरात सोलून निघते.

खोगीर जागेवर ठेवणारा पट्टा म्हणजे तंग. तो पोटाखालून, पुढच्या पायांच्या थोडा मागून जातो. इथे घोडा आपली जुनी युक्ती करतो. तंग आवळायला सुरुवात झाली की कित्येक घोडे छाती फुगवून धरतात. माणूस बाजूला झाला की श्वास सोडतात आणि तंग ढिला पडतो. बेसावध स्वार मग चढता चढता खोगिरासकट घोड्याच्या कुशीला लोंबकळतो. यावर उपाय साधा आहे. पहिल्यांदा बेताने आवळायचा, घोड्याला चार पावले चालवायचे, मग दुसऱ्यांदा आवळायचा आणि स्वार बसल्यावर पुन्हा एकदा बोटे घालून पाहायचे. एका दमात गच्च आवळला तर घोडा पुढच्या वेळी तंग दिसताच चावायला धावतो. उतार फार असेल तर खोगीर मानेवर घसरू नये म्हणून शेपटीखालून दुमची घालतात.

लगाम सर्वांत शेवटी. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत दात नसलेली मोकळी जागा असते आणि लोखंडी कडी तिथेच बसते. ओठांच्या कोपऱ्यात अंगठा घातला की घोडा तोंड उघडतो. थंडीच्या सकाळी लोखंड गार पडलेले असते, म्हणून जपणारा माणूस ते आधी तळहातात धरून कोमट करतो. नवखा स्वार तोल गेला की लगामच ओढतो. पर्यटकांच्या घोड्याला याचाच सर्वांत जास्त त्रास, आणि म्हणूनच घोडेवाला दोरी स्वतःच्या हातात ठेवून बरोबर चालतो.

घोडा तयार झाला, आता त्यावर बसवायचे कोणाला? इथे गणित येते. तबेल्यात घोड्याचा वजनकाटा नसतो, पण मोजपट्टीने काम भागते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. किलोमध्ये वजन मिळते. घेर १५० आणि लांबी १४० सेंटिमीटर असलेले तट्टू सुमारे २६५ किलोचे निघते. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंत भार वाहावा असा जगभरचा जुना ठोकताळा आहे. अमेरिकेतील ओहायोच्या संशोधकांनी आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार लादून चाचण्या घेतल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत २५ टक्क्यांपासून पुढे नाडी आणि स्नायूंची दुखण वाढलेली दिसली. म्हणजे वरच्या तट्टाने ५३ किलो न्यावेत, त्यात खोगीरही आले. ऐंशी किलोच्या गृहस्थांना आणि आठ-दहा किलोच्या खोगिराला मिळून हवा साडेचारशे किलोचा घोडा. ग्रँड कॅन्यनमध्ये खेचरावरून दरीच्या तळाशी जाणाऱ्या स्वाराला निघण्यापूर्वी कपड्यांसकट काट्यावर उभे करतात; तिथली मर्यादा २०० पौंडांची, म्हणजे साधारण ९० किलोंची. आपल्याकडे घोडेवाल्याची नजर हाच काटा. तो माणूस पाहून घोडा पुढे करतो आणि धिप्पाड गिऱ्हाइकाला शिंगरासारखे तट्टू आवडले तरी देत नाही. निदान देऊ नये.

ओझ्याच्या जनावरांसाठी कायद्याने आकडे ठरवून दिले आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, आणि ओझ्याच्या जनावरांबाबतचे नियम १९६५ चे. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून, खेचराच्या पाठीवर २०० किलोंहून जास्त माल लादता येत नाही. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन सुट्टी.

वजनाइतकाच स्वभाव पाहावा लागतो. घोडा हे मुळात शिकार होणारे जनावर. घाबरले की आधी पळायचे, कारण नंतर शोधायचे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नाकाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. मागून गुपचूप येणाऱ्याला लाथ बसते ती याच कारणाने. माथेरानला यात माकडांची भर. झाडावरून धपकन उडी पडली, हातातली वेफर्सची पिशवी फडफडली की तरणा घोडा बिथरतो. म्हणून लहान मुलांच्या वाट्याला पोक्त घोडा येतो. बऱ्याचदा अनेक हंगाम पाहिलेली, काहीही झाले तरी कान न हलवणारी घोडी. ओळीत पुढे कोण, मागे कोण, हेही ठरलेले असते. एकमेकांशी न पटणारे दोन घोडे लागोपाठ ठेवले तर अरुंद वाटेवर लाथाळी होते, आणि शार्लोट तलाव किंवा एको पॉइंटच्या बाजूला दरी फार लांब नसते.

फेरी संपवून घोडा परत आला की तयारीची परीक्षा होते. तंग आधी थोडा सैल करतात आणि घोड्याला सावकाश चालवतात, दम खाली बसेपर्यंत. घोड्याच्या घामात साबणासारखा फेस धरणारे एक प्रथिन असते, त्यामुळे तंगाखाली आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खोगीर उतरवल्यावर पाठीवरची घामाची खूण मात्र नीट वाचायची. सगळीकडे सारखी ओल असेल तर खोगीर नीट बसले होते. ओलसर पाठीवर मध्येच तळहाताएवढा कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब इतका पडला की घामाच्या ग्रंथींनाच काम करता आले नाही. त्या जागी उद्याचा पांढरा ठिपका तयार होतो आहे. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी ओतू नये, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उकाड्यासाठी झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. गार पाण्याने घोडा लवकर आणि सुरक्षितपणे निवतो. घोट-घोट पाणी द्यायला हरकत नाही. एका दमात बादली रिकामी करू द्यायची नाही, एवढेच.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि घोडा बारा महिने खातो. पर्यटक येतात ते शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. जंगल राखीव असल्याने चारा, दाणा, भुसा सगळे खालून विकत आणायचे. नवा घोडा घ्यायचा तर नंदुरबारमधल्या सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा बाजार किंवा नांदेडची माळेगावची खंडोबाची यात्रा गाठायची. डोंगरवाटांना उंच्यापुऱ्या जातिवंत घोड्यापेक्षा आखूड, काटक, घट्ट खुराचे जनावर बरे पडते. दख्खनच्या अशाच भीमथडी घोड्याला २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. मराठ्यांच्या दौडींत नाव कमावलेला हा घोडा आज मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहत हिंडताना दिसतो.

माथेरानमध्येही घोड्याच्या कामाची वाटणी बदलू लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. दस्तुरी ते बाजारपेठ हा घोड्याचा हक्काचा फेरा त्यामुळे हळूहळू रिक्षाकडे जाणार. त्याच निकालात दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली, आतल्या पायवाटांवर मात्र नाही. लोखंडी नालेला गुळगुळीत, ओला ब्लॉक म्हणजे घसरगुंडी. मातीच्या वाटेवर मात्र खूर रुततो आणि धक्काही जिरतो. घोड्याला उरेल ती पॅनोरमा, लुईझा, एको अशा पॉइंटांकडे जाणारी जंगलातली लांब रपेट, आणि तीत वाईट खोगीर, ढिली नाल किंवा जास्तीचे वजन दहा मिनिटांच्या फेरीसारखे लपून राहत नाही. त्यामुळे भाव ठरवण्याआधी गिऱ्हाइकाने घोडा दहा पावले चालवून दाखवायला सांगावे, डोके झटकतो का पाहावे, खोगिराखाली हात घालून पाठ चाचपावी आणि आपले खरे वजन सांगावे. सकाळी तबेल्यात घाम गाळलेल्या घोडेवाल्याला यातल्या कशालाच नाही म्हणायचे कारण नसते.